पेपर टाकण्याआधी

हिंजवडीत, खराडीत किंवा ऐरोलीत माणसाची नोकरी जाते. कागदावर मात्र त्याने ती स्वतःहून सोडलेली असते. एचआर बोलावते, अर्धा तास गोड बोलते आणि शेवटी सुचवते की आजच राजीनाम्याचा मेल टाका, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, पुढच्या कंपनीत कोणी काही विचारणार नाही. मेल जातो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ले सुरू होतात: पीएफ काढ, कर्ज फेडून टाक, ग्रॅच्युइटी तर आता एका वर्षात मिळते. यातलं बरंचसं चुकीचं आहे.

सगळ्यात महागात पडणारा समज हा की राजीनामा दिला काय आणि कंपनीने काढलं काय, हिशेब तोच. तो तोच नसतो. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरणाऱ्या माणसाला वर्षभराच्या सलग सेवेनंतर कपातीत काढलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. अशा भरपाईला ठरावीक मर्यादेत, जास्तीत जास्त 5 लाख रुपयांपर्यंत, प्राप्तिकरातून सूट मिळते. राजीनामा दिलेल्याला यातलं काहीच लागू होत नाही.

‘आयटीवाल्यांना कामगार कायदे नसतातच’ हेही हमखास ऐकू येतं. व्यवस्थापनाचे निर्णय खरोखर घेणारा माणूस या व्याख्येबाहेर जातो, हे खरं. पण न्यायालयं पदनामावर थांबत नाहीत, माणूस दिवसभर काय काम करतो ते पाहतात. कार्डावर ‘असोसिएट मॅनेजर’ आणि हाताखाली एकही माणूस नाही, असे लोक प्रत्येक कंपनीत सापडतील. तेव्हा मेल टाकणं अगदी टळतच नसेल, तर त्यात निदान ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नये. पद रद्द झाल्यामुळे कंपनीने सांगितलं, हे कुठेतरी लेखी उरायला हवं.

त्या ओळीचा उपयोग पीएफच्या वेळीही होतो. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला की कर लागतोच, असं बहुतेक जण धरून चालतात, काही करसल्लागारसुद्धा. रक्कम 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन दिल्यावरही 10 टक्के टीडीएस कापला जातो, एवढं बरोबर. पण प्राप्तिकर कायद्यातच अपवाद आहे: आजारपणामुळे, मालकाचा धंदा आक्रसल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे, अथवा कर्मचाऱ्याच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली, तर पाच वर्षांची अट आड येत नाही. स्वतःच्या सहीने ‘वैयक्तिक कारण’ लिहून दिलेल्या माणसाने हा अपवाद सिद्ध करायचा कशावर? शिवाय ही पाच वर्षं एकाच कंपनीतली असावी लागत नाहीत. जुनं खातं नव्यात वर्ग केलं असेल तर आधीची सेवाही मोजली जाते.

पण पीएफ काढायलाच हवा का? नोकरी सुटली की व्याज थांबतं, ही भीती जुनी आहे. खातं वयाच्या 58 पर्यंत व्याज मिळवत राहतं. 2024-25 साठी दर 8.25 टक्के होता. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर मात्र कर भरावा लागतो. पूर्वी दोन महिने बेकार राहिलं की सगळी रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे बदलायचा निर्णय घेतला: 75 टक्के लगेच, उरलेले बारा महिन्यांनंतर. त्यावर बरीच ओरड झाली. मला तो निर्णय फारसा वाईट वाटत नाही, कारण नोकरी बदलताना पीएफ रिकामा करणारे लोक पेन्शनचा घोटाळा करून घेतात. कंपनीच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पहिल्या नोकरीतली चार वर्षं काढून घेतली की मोजणी पुन्हा शून्यापासून. रक्कम मोठी नाही, 15 वर्षांच्या सेवेला महिना साधारण 3,214 रुपये. पण आयुष्यभर येणारी आहे.

ग्रॅच्युइटीबद्दल सध्या सर्वाधिक गोंधळ आहे. नव्या संहितांमध्ये एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे ती ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना. कायम नोकरीतल्यांची पाच वर्षांची अट तशीच आहे. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच ती सुटते. ऑफर लेटरच्या सीटीसीत मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी दाखवलेली असते, ती चौथ्या वर्षी सोडणाऱ्याला मिळत नाही. पाच वर्षांच्या काठावर असाल तर मात्र तारखेसाठी भांडा. सलग सेवेच्या व्याख्येत 240 दिवस काम म्हणजे वर्ष मानलं जातं (पाच दिवसांचा आठवडा असेल तर 190), आणि याच आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने पाचव्या वर्षातले 240 दिवस पुरेसे धरले होते. अनेक कंपन्या हे मानत नाहीत, म्हणून शेवटचा दिवस महिना-दोन महिने पुढे ढकलून घेणं हाच सोपा मार्ग. सहा वर्षं सात महिने झालेल्याची सात वर्षं धरतात. मूळ पगार 50,000 असेल तर 2,01,923 रुपये होतात.

आता हातात आलेली रक्कम. राजीनाम्यानंतर कंपनीने ‘सदिच्छा’ म्हणून दिलेले दोन-तीन पगार करमुक्त असतात, असं अनेकांना वाटतं. ते पगारातच धरले जातात. तरीही वर्षाच्या मध्यात नोकरी गेली तर कर बहुधा जास्त कापला गेलेला असतो. समजा वार्षिक 18 लाखांचा पगार आणि ऑगस्टअखेर नोकरी गेली. पाच महिन्यांचे साडेसात लाख, वर तीन लाख भरपाई, एकूण साडेदहा लाख. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत यावर कर शून्य, पण कंपनी 18 लाख धरून दरमहा साधारण 12,570 कापत आलेली असते. शेवटच्या हिशेबात ते वळते झाले नसतील तर विवरणपत्र भरूनच परत मिळतात. त्याच वर्षात दुसरी नोकरी लागली तर जुन्या पगाराची माहिती नव्या कंपनीला द्यायची. लपवली तर दोन्हीकडे वजावट मिळते आणि जुलैत कमी पडलेला कर व्याजासकट भरावा लागतो.

हे पैसे गृहकर्जात भरून मोकळं व्हावं, हा सल्ला मला पटत नाही. कर्जात गेलेला पैसा बेकारीत परत मागता येत नाही. कर्जासोबत विकलेल्या ‘जॉब लॉस’ विम्यावर तर मुळीच विसंबू नये: तो बहुधा तीन हप्त्यांपुरता असतो आणि राजीनाम्याला लागू नसतो.

कंपनीचा मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो, आईवडिलांसकट. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुभा आहे आणि ग्रुप पॉलिसीतली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात, पण त्यासाठी नोकरीत असतानाच विचारावं लागतं.

आणि चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनी भारतात बेकारभत्ता नाही हे ऐकून घेऊ नये. ईएसआयसीच्या अटल बिमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा, 90 दिवसांपर्यंत, सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती मिळत नाही.