शेतावर वापरावयाचा लहान कॅमेरा कसा निवडावा

कास्तकारास कॅमेऱ्याचें काय काम, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. आम्ही महसूल खात्यांतून लेखनिकाच्या जागेवरून निवृत्त झालों. नोकरीच्या काळांत पीकनुकसानीचे पुष्कळ कागद आमच्या हाताखालून गेले. त्यांस जोडलेलीं छायाचित्रें पाहून आम्हांस वारंवार वाईट वाटे. धान खरोखर बुडालेलें असे. पण चित्रांत दिसे काय, तर चार मोडक्या लोंब्या आणि चित्र घेणाराची सावली! शेत कोणाचें, बांधी कोणती, नुकसान किती, यांपैकीं कशाचाच उलगडा होत नसे. एका प्रकरणांत तर चित्रावर १ जानेवारी ही तारीख उमटलेली होती व नुकसान आश्विनांतलें होतें. बॅटरी काढून ठेवल्यामुळें कॅमेऱ्याचें घड्याळ मूळपदावर गेलें होतें, एवढीच काय ती गोष्ट. पण त्या कास्तकाराचा अर्ज कित्येक महिने अडून राहिला.

रानडुकरें, रोही यांचा उपद्रव आपल्याकडे जुनाच आहे. त्यांत ऑक्टोबर २०२१ पासून गडचिरोलींत रानहत्तींच्या कळपाची भर पडली. अशा नुकसानीची खबर वन विभागास तीन दिवसांच्या आंत द्यावी लागते. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें असें जाहीर केलें कीं, खरीप २०२६ पासून वन्य प्राण्यांनीं केलेलें नुकसान पीक विम्यांत घेतां येईल, मात्र ७२ तासांच्या आंत ॲपवर स्थळाच्या नोंदीसह छायाचित्रें पाठविलीं पाहिजेत. हें काम मोबाइलचें आहे व तें मोबाइलनेंच करावें. पण भर पावसांत ओल्या बोटांस मोबाइलची कांच दाद देत नाहीं आणि चिखलांत पडलेला मोबाइल बहुधा दुरुस्तीसच जातो. सबब शेजारच्या तीनचार कास्तकारांनीं मिळून एक लहान कॅमेरा बाळगावा, असें आमचें मत आहे.

आतां कोणता घ्यावा? दुकानदार प्रथम झूमचा आंकडा सांगतो. त्यास एवढेंच विचारावें कीं, हा झूम भिंगाचा कीं आंकड्यांचा? भिंग पुढेंमागें सरून दूरची वस्तु जवळ आणतें, तो खरा झूम. दुसऱ्या प्रकारांत चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो. त्यानें तपशील वाढत नाहीं. मेगापिक्सेलच्या आंकड्यासही फार भुलूं नये. पूर्वी जेथें फिल्म असे तेथें आतां सेन्सर असतो, आणि त्याच्या आकारावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. स्वस्त लहान कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारें ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. सोनीनें २०१२ मध्यें काढलेल्या आरएक्स १०० या कॅमेऱ्यांत तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानें चौपट आहे. सांजवेळीं किंवा सागाच्या दाट सावलींत हा फरक उघड दिसतो.

लांब पल्ल्याचा नमुना पाहावयाचा तर कॅननचा एसएक्स ७४० (२०१८) घ्यावा. त्याचा झूम ४० पट आहे. पण पूर्ण झूमवर भिंगाचें तोंड अरुंद होऊन जवळच्या मानानें प्रकाश चौथाईहूनही कमी येतो. आपल्या शेतांत जनावर येतें तें रात्रीं! तेव्हां हा चाळीसपट झूम कोणत्या कामाचा? ताडोब्याच्या गाभाक्षेत्रांत पर्यटकांस मोबाइल नेण्याची मनाई आहे. तेथें सकाळच्या उन्हांत असा कॅमेरा शोभतो. शेतावर मात्र जनावर टिपावयाचें नसून त्यानें केलेली नासाडी टिपावयाची आहे, आणि त्यास लांब नव्हे तर रुंद नजरेचें भिंग हवें. कॅमेऱ्याच्या माहितींत २४ किंवा २५ मिलिमीटर असा आंकडा आरंभीं असला म्हणजे बांधावर उभें राहून बरीचशी बांधी एका चित्रांत येते.

आमच्या मतें पाऊस आणि धूळ यांचा विचार झूमच्या आधीं करावा. बहुतेक लहान कॅमेऱ्यांचें भिंग सुरू करतांच बाहेर येतें व परत जातांना मळणीची धूळ आंत ओढतें. ओलिंपसच्या टीजी ६ (२०१९) या कॅमेऱ्याचें भिंग अंगाबाहेर येतच नाहीं. तो १५ मीटर पाण्यांत टिकतो, २.१ मीटर उंचीवरून पडला तरी चालेल असें त्याचे कर्ते सांगतात, आणि चित्राबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदवितो. त्याचा सेन्सर लहान व झूम चारपटच आहे, तरी धानपट्ट्यांत आम्ही हीच जात पसंत करूं. उन्हाची गोष्टही लक्षांत ठेवावी. बहुतेक कॅमेरे ४० अंश उष्णतेपर्यंतच वापरावे असें त्यांच्या माहितीपुस्तिकेंत लिहिलेलें असतें, आणि चंद्रपुरास वैशाखांत पारा ४५ च्या वर जाणें नवें नाहीं. मोटारसायकलच्या डिकींत तो ठेवूं नये. पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा, नाहींतर भिंगावर बुरशी धरते.

चित्र घेतांना आधीं घड्याळ तपासावें. पहिलें चित्र असें घ्यावें कीं, त्यांत विहीर, मोहाचें झाड किंवा देऊळ, अशी गांवांत सर्वांस ठाऊक असलेली खूण येईल. मग बांधीच्या चारही कोपऱ्यांवरून एकेक. शेवटीं खुरांचे ठसे, शेजारीं विळा ठेवून, म्हणजे आकार कळतो. ठसे सकाळीं सातआठच्या तिरप्या उन्हांत उठून दिसतात. दुपारीं तेच सपाट वाटतात. पोळ्याच्या सुमारास उभ्या पिकाचें एक चित्र घेऊन ठेवलें असल्यास पुढें तुलनेस फार उपयोगी पडतें.

कळप किंवा वाघ शेताजवळ असतां चित्रासाठीं पाऊलभरही पुढें जाऊं नये. झूममधून जनावर जवळ दिसतें, तसें तें फ्लॅशच्या उजेडानें खरेंच जवळ येऊं शकतें. अशा वेळीं वनरक्षकास कळवून घरीं बसावें.

मोबाइल आल्यापासून लहान कॅमेरे बाजारांत कमी झाले, त्यामुळें वर सांगितलेले नमुने पुष्कळदा जुनेच घ्यावे लागतील. जुना घेतांना भिंगाचें तोंड अरुंद करून पांढऱ्या भिंतीचें चित्र घ्यावें. आंतील डाग त्यांत दिसतात. बॅटरी फुगलेली नसावी. जलरोधक कॅमेऱ्याच्या झांकणाची रबरी कड बोटानें तपासावी; ती चिरलेली असल्यास तो कॅमेरा कितीही स्वस्त मिळो, पाण्यांत नेण्याजोगा राहिलेला नसतो.