थरांतून साकारणारे धनुष्य

पूर्व दिल्लीतील सुरजमल विहारात यमुना क्रीडा संकुल आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील तिरंदाजी येथेच झाली आणि सोळा वर्षांच्या दीपिका कुमारीने वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. रांचीजवळच्या या मुलीचा सराव बांबूच्या धनुष्यावर सुरू झाला होता. तिच्या आधी राजस्थानचे लिंबाराम हेही बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करून १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांपर्यंत पोहोचले. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळविले, ही घटना तर आपणा सर्वांच्या स्मरणात आहे.

तथापि, खेड्यातील बांबूचे साधे धनुष्य आणि स्पर्धेच्या मैदानावरील आयात केलेले धनुष्य यांत फार मोठे अंतर आहे. दुसऱ्याच्या पूर्ण संचाची किंमत लाखांच्या घरात जाते. या दोहोंमधील एक पायरी म्हणजे लाकूड व बांबू यांच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, हातांनी घडविलेले थरांचे धनुष्य होय. ते कसे तयार होते आणि ते घडविताना काय सांभाळावे लागते, याची ही ओळख.

परंपरा जुनीच

मराठीत धनुष्यबाणाला ‘तिरकमठा’ म्हणतात. त्यातील कमठा म्हणजे धनुष्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याचे साहित्य चार प्रकारचे सांगितले आहे : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. शिंगाचे ते ‘शार्ङ्ग’. संतसाहित्यातून आपल्या परिचयाचे झालेले ‘शार्ङ्गधर’ हे विष्णूचे नाव याच शब्दाशी जोडलेले आहे. आपल्या सह्याद्रीतील धामण या झाडाला संस्कृतात ‘धनुर्वृक्ष’ असे नाव आहे. लवचीक आणि चिवट असल्यामुळे त्याचे लाकूड अवजारांच्या दांड्यांसाठी व गाड्यांच्या दांड्यांसाठीही वापरले जात असे.

दिल्लीलाही या विद्येचा वारसा आहे. सुलतान अल्तमशाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, फख्र-ए-मुदब्बिर याने लिहिलेल्या युद्धशास्त्रावरील फारसी ग्रंथात धनुष्यांचे निरनिराळे प्रकार वर्णिले आहेत. पुढे मोगलांच्या सैन्यात जी धनुष्ये होती, त्यांत मध्यभागी लाकूड, धनुर्धराकडील बाजूस शिंग आणि लक्ष्याकडील बाजूस जनावराचे स्नायुतंतू असे थर सरसाने जोडलेले असत. मात्र प्राणिज सरस पावसाळी हवेत सैल पडतो. पोलादी धनुष्येही आपल्याकडे घडविली गेली, त्यामागे हेही एक कारण होते. जपानमधील दोन मीटरहून अधिक लांबीचे ‘युमी’ हे धनुष्य तर बांबू व लाकूड यांच्या पट्ट्यांपासूनच बनते.

थर कशासाठी?

आपल्या हातातील चेकबुक वाकवून पाहावे. त्याची पाने एकमेकांवरून सरकतात आणि ते सहज वाकते. हीच पाने एकमेकांना पक्की चिकटविली, तर तेच चेकबुक वाकविण्यास कितीतरी अधिक बळ लागेल. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम येथे लागू होतो. दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या, तर ताठरपणा दुप्पट होतो. त्या चिकटविल्या, तर आठपट होतो. जाडी केवळ १० टक्क्यांनी वाढली, तरी ताठरपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो.

धनुष्य ओढले जाते तेव्हा त्याची लक्ष्याकडील बाजू, म्हणजे ‘पाठ’, ताणली जाते आणि धनुर्धराकडील बाजू, म्हणजे ‘पोट’, दाबले जाते. मधल्या भागावर ताण व दाब कमी पडतात. परंतु थरांना एकमेकांवरून सरकविणारे बल तेथेच सर्वाधिक असते. म्हणून पाठीला ताण सोसणारा बांबू, पोटाला दाब सोसणारे कठीण लाकूड आणि मध्ये हलके लाकूड अशी रचना करतात. प्रत्येक थराला त्याच्या गुणाप्रमाणे काम मिळते. परंतु ते काम एकत्र घडते ते थरांमधील जोडामुळे. जोड निसटला की उत्तम लाकूडही निरुपयोगी ठरते.

साहित्य आणि साचा

दिल्लीत कीर्तीनगरची लाकूड बाजारपेठ प्रसिद्ध आहे. मुठीसाठी शिसम, पोटासाठी शिसम किंवा धामण, मधल्या थरासाठी तुती आणि पाठीसाठी चांगला वाळलेला बांबू निवडता येतो. लाकडाचे रेषे सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असावेत. बांबूची बाहेरची बाजू शक्यतो तासू नये. तेथील तंतू सर्वांत बळकट असतात. पेरांवरील उंचवटे तेवढे हलक्या हाताने गुळगुळीत करावेत आणि रंधा आतील बाजूनेच मारावा.

पट्ट्या साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या करतात. मुठीकडून टोकाकडे जाताना ही जाडी हळूहळू कमी होत गेली पाहिजे. प्लायवूडचे तुकडे जोडून धनुष्याच्या आकाराचा साचा तयार करतात आणि सरस साच्याला चिकटू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरतात.

जोडाची परीक्षा

आज प्राणिज सरसाऐवजी इपॉक्सी वापरतात. त्याचे दोन घटक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच, वजन करून मिसळावे लागतात. पट्ट्यांचे पृष्ठभाग पॉलिश कागदाने खरखरीत करून धूळ पुसून घ्यावी. त्यानंतर त्यांना हाताचा स्पर्शही नको. साच्यावर पट्ट्या रचून सहा-सात सेंटिमीटर अंतरावर शिकंजे बसवितात. शिकंजा सैल राहिला तर फट राहते. अवाजवी आवळला तर सरसच बाहेर पडून जोड कोरडा राहतो.

येथे दिल्लीचे हवामानही विचारात घ्यावे लागते. जानेवारीच्या थंडीत इपॉक्सी फार संथपणे घट्ट होते. जून महिन्यातील कोरड्या उष्णतेत लाकूड आकसते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ते ओलावा शोषून फुगते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने या कामाला अधिक अनुकूल.

जोड बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची परीक्षा घ्यावी लागते. धनुष्य जोडतानाच त्याच लाकडाचे उरलेले तुकडे त्याच सरसाने चिकटवून ठेवावेत आणि सरस पूर्ण घट्ट झाल्यावर ते फोडून पाहावेत. लाकूड फाटले आणि सरसाची रेषा शाबूत राहिली, तर जोड पक्का. तुकडे सरसाच्या रेषेवरच स्वच्छ सुटले, तर ते धनुष्य कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे. धनुष्य चेहऱ्याजवळ ओढले जाते. त्या क्षणी ते तुटले, तर इजा डोळ्याला होऊ शकते.

दोन भुजांचा तोल

यानंतरचे काम सर्वांत संथ. धनुष्य भिंतीवरील खुंटीवर आडवे टांगून, कप्पीवरून दोरी खेचून त्याच्या दोन्ही भुजा कशा वाकतात ते लांबून पाहतात. जी भुजा अधिक ताठ दिसेल, तिच्या पोटाकडील लाकूड किंचित खरवडतात. घनाचा नियम येथे पुन्हा आठवावा : खरवडलेले लाकूड परत लावता येत नाही आणि केसभर जाडीनेही ओढ बदलते. तोल साधल्याखेरीज धनुष्य आणखी पुढे ओढायचे नाही, हा नियम कारागीर काटेकोरपणे पाळतात. अशा रीतीने इंचाइंचाने २८ इंचांच्या प्रचलित ओढीपर्यंत पोहोचावे. ओढीचे वजन साध्या ताणकाट्यावर मोजता येते. नवशिक्यासाठी २० ते २५ पौंड पुरेसे असते.

दोन दक्षता अत्यावश्यक आहेत. बाण न लावता प्रत्यंचा कधीही सोडू नये. बाणाला मिळावयाची सर्व ऊर्जा धनुष्यातच परतते आणि ते तडकू शकते. तसेच लाकूड व इपॉक्सी घासताना मुखपट्टी, हातमोजे आणि संरक्षक चष्मा वापरावा.

कारागीर आणि बाजार

अशी धनुष्ये ऑलिंपिकच्या धनुष्यांची जागा घेणार नाहीत. मात्र शाळा, आश्रमशाळा आणि सरावकेंद्रे यांना ती उपयोगी पडू शकतात. आपल्या देशांतर्गत स्पर्धांत बांबूच्या धनुष्यांसाठी ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहेच.

राजधानी क्षेत्रात याला पूरक कौशल्यही उपलब्ध आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी मेरठमध्ये क्रीडासाहित्याचा उद्योग वाढविला. तेथील क्रिकेट बॅटची मूठ वेताच्या तुकड्यांमध्ये रबराच्या पट्ट्या घालून, सरसाने जोडूनच तयार होते. म्हणजे थर आणि जोड यांची जाण त्या हातांना आधीपासूनच आहे. शिवाय २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्याने कच्चा माल मिळविणे सुलभ झाले आहे.

भांडवलाचा प्रश्नही विचारात घ्यावयास हवा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीतील द्वारका येथे प्रारंभ झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि शस्त्रे घडविणारे कारागीर यांचा समावेश आहे. पात्र कारागिरास तारणाविना प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजदराने मिळू शकते. आपल्या परिचयातील एखादा कुशल सुतार या कामाकडे वळू इच्छित असेल, तर त्याला ही माहिती अवश्य द्यावी. त्याबरोबरच फोडून पाहण्याच्या त्या चार तुकड्यांविषयीही सांगावे. त्याच्या धनुष्यावर एखादे मूल विश्वासाने पहिला बाण लावणार आहे.