देहूरोडचा बुद्धविहार : धर्मांतराआधीची मूर्ती

पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर आकुर्डीनंतर येणारे देहूरोड पिंपरी-चिंचवडला खेटून असले, तरी महापालिकेच्या हद्दीत नाही. लष्करी साहित्याच्या कोठारांभोवती, म्हणजे ऑर्डनन्स डेपोभोवती, वाढलेली ही छावणी असून कष्टकऱ्यांच्या या वसाहतीतच येथील बुद्धविहार उभा राहिला. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची २५ डिसेंबर १९५४ रोजी येथे प्रतिष्ठापना केली. बाबासाहेबांचे नागपूरचे बौद्ध धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चे, म्हणजे मूर्ती आधी आली आणि दीक्षा नंतर. हा क्रम अभ्यासकांकडूनही अनेकदा दुर्लक्षिला जातो.

येथे आधी विठोबाचे भक्त असलेल्या संत चोखामेळ्याचे मंदिर बांधण्याचा वस्तीचा विचार होता, असे सांगितले जाते. ही हकीकत लक्षात घेतली, तर बाबासाहेबांच्या त्या दिवशीच्या भाषणाला वेगळेच वजन येते. कारण पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच होय, असे प्रतिपादन त्यांनी याच ठिकाणी केले आणि त्यावर ग्रंथ लिहिण्याचा मनोदयही बोलून दाखवला. तुकोबांचे देहू येथून जवळच असताना वारकऱ्यांच्या मुलखात असे बोलणे धाडसाचेच होते. तो ग्रंथ मात्र झाला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

एरवी शांत असणाऱ्या या विहारात २५ डिसेंबरला पांढऱ्या वस्त्रांतील अनुयायांची रीघ लागते, त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाण्याची आणि पाच शीलांची वचने, म्हटली जातात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. वर्षातील उरलेल्या दिवसांत मात्र कार्ल्याची लेणी पाहायला निघालेल्या गाड्या येथे न थांबताच पुढे जातात, ही खेदाची बाब होय.

या परिसराचे बौद्धपण १९५४ पासूनचे नाही. जवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातील शेलारवाडी लेण्यांत एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथील उसभणक नावाच्या नांगरकऱ्याच्या पत्नीने, सियगुतणिका हिने, नंद या मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. शेतकरी घरातील बाईचे नाव त्या दगडावर टिकले, हे राजांच्या दानलेखांपेक्षा अधिक मोलाचे मानावे लागेल. येथील चैत्यगृहात, म्हणजे स्तूपपूजेच्या दालनात, आज शिवलिंग आहे. लेण्यांसाठी बेगडेवाडी स्थानकावर उतरावे, विहारासाठी देहूरोडला. आणि निवांत पाहायचे असल्यास २५ डिसेंबर टाळावा.