पाकोळी की भिंगरी?

मैत्रिणींनो, शिरूरला घोडनदीच्या किंवा दौंडला भीमेच्या काठी संध्याकाळी जरा आभाळाकडे पाहा. किलबिलत, गरगर घिरट्या घालणारी काळी पाखरं दिसली की आपण त्यांना सरसकट ‘भिंगरी’ म्हणून मोकळ्या होतो. पण त्यांतली कितीतरी असतात छोट्या पाकोळ्या! (घरात शिरणाऱ्या लहान वटवाघळालाही आपल्याकडे पाकोळीच म्हणतात, ती वेगळी, बरं का.)

ओळखायची कशी? पाकोळी चिमणीहून किंचित लहान, काळपट. गळा पांढरा आणि शेपटीच्या वर पांढरा पट्टा. शेपूट आखूड, पंख मात्र विळ्यासारखे लांब आणि वाकडे. ताडाच्या झाडाभोवती दिसणारी ताड-पाकोळी निराळी. तिला पांढरा पट्टा नसतो, शेपूटही दुभंगलेली असते. आणि सर्वांत सोपी खूण म्हणजे तारेवर ओळीनं बसलेली दिसली तर ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसतच नाही. तिचे पाय इतके इवलेसे, की त्यांनी भिंतीला लटकता येतं, फांदीवर बसता येत नाही. खाणं उडता उडताच. चिलटं, माश्या, पंखवाल्या मुंग्या हेच तिचं जेवण.

भिंगरीचं घरटं चिखलाचं. पाकोळी हवेत तरंगणारी पिसं आणि काड्या पकडते अन् आपल्या थुंकीनं चिकटवते. पूल, जुने वाडे, देवळं, गच्चीखालचा कोपरा या तिच्या जागा. पिलं उडून गेली तरी घरटं ओस पडत नाही. रात्रीच्या मुक्कामाला पाखरं तिथेच परततात. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ‘रिकामं दिसतंय’ म्हणून केरसुणीनं ते पाडू नका. जुने वाडे पडून गुळगुळीत भिंतींच्या इमारती उठताहेत; तिनं जायचं कुठं? खाली घाण पडत असेल तर घरट्याच्या हातभर खाली एक फळी ठोका. वाळलेली विष्ठा झाडू नका, पाणी शिंपडून फडक्यानं पुसा.

पाकोळी अंगणात पडलेली सापडली तर घाबरू नका. जमिनीवरून उडणं तिला फार अवघड जातं. दूध-भात भरवू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात तासभर शांत ठेवा. मग मोकळ्या जागी उघड्या तळहातावर घेऊन हात उंच धरा. वर फेकू मात्र नका. अंगात बळ असेल तर ती आपणहून झेपावेल. नाहीच उडाली तर वनखात्याला किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवा.