नऊ एकांचा सुंदर वर्ग दहाव्या एकाला का बिघडतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर आकड्यांचा एक मनोरा अधूनमधून फिरत असतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असं करत नऊ वेळा एक लिहून वर्ग केला की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटे वाचले तरी तेच. खाली ‘गणिताची जादू’ असं लिहिलेलं असतं. या संख्यांचा नाद लागलेल्या मराठी शाळामास्तरांचं नाव मात्र सहसा नसतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीत शिक्षक होते. त्यांनी या वर्गांना ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटलं. डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन, कारण ही कल्पना त्यांना तिथे सुचली.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. दोन्ही टोकांची बेरीज केली की मधलाच अंक मिळतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आपल्या सतरा अंकांत मधला ९ बाजूला ठेवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९. सगळे नऊच!

हे का होतं, ते कागदावर उभा गुणाकार मांडला की दिसतं. (एक्सेलवर करू नका, ते पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं.) नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. त्यामुळे उभ्या रांगांत उजवीकडून एक, दोन, तीन असे एक जमत जातात, मध्ये नऊ होतात आणि मग पुन्हा कमी होतात. हातचा कुठेच येत नाही.

दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा होतात. शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या नवाचे त्यामुळे दहा, तिथेही शून्य. त्यापुढच्या आठाचे नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा मोडला.

पण गंमत इथेच आहे. या उत्तराचे दोन तुकडे करा, १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१, आणि बेरीज करा. येतात १११११११११, म्हणजे नऊ एक, आणि त्यापुढे आणखी एक १. ज्यांचा वर्ग केला तेच दहा एक परत! वर्ग तोडून बेरीज केली की मूळ आकडा देणाऱ्या संख्येला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५, हे २०२५ साल लागताना अनेकांनी फॉरवर्ड केलं, ते हेच.

कापरेकरांच्या हयातीत अनेक भारतीय गणितज्ञांना हे सारं किरकोळ वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा देवळालीचे मास्तर सत्तरीत होते.