इंटरनेटचा एकांतरा ताप

अंगांत सतत राहणारा ताप वैद्याला लवकर उमजतो. परंतु एकांतरा ताप मोठा फसवा असतो. वैद्य दारीं येतो तेव्हां रोगी अंगणांत हिंडत असतो, आणि वैद्याची पाठ फिरली कीं त्याला हुडहुडी भरते. यंत्रांच्या बाबतींतहि असेंच आहे. जें यंत्र पूर्ण बंद पडलें त्याचा दोष शोधणें सोपें. जें मधून मधून बंद पडतें व आपोआप सुरू होतें, तें भल्या भल्या जाणत्यांची कसोटी पाहतें. लहान गांवांतून इंटरनेट पुष्कळदां एखाद्या स्थानिक पुरवठादाराकडून घरोघरीं येतें. त्याच्या सर्व्हरला असा ताप आला म्हणजे त्याचें निदान कसें करावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

समजा, एका तालुक्याच्या गांवीं अशा पुरवठादाराचे ४०० ग्राहक आहेत. दिवसभर सर्व सुरळीत चालतें. रात्रीं आठ वाजले कीं तक्रारी सुरू होतात. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत मध्यरात्रीं संपावयाची असते, आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावर पान उघडतच नाहीं. पुरवठादार सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू करतो व सर्व ठीक होतें. दुसऱ्या रात्रीं पुन्हां तेंच! येथें पहिला नियम ध्यानांत ठेवावा. सर्व्हर पुन्हां सुरू केल्यानें लक्षण जातें, पण त्याबरोबर पुरावाहि पुसला जातो. म्हणून आधीं घड्याळ पाहून वेळ टिपावी, सर्व्हरनें स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी वाचाव्या, आणि मगच यंत्राला हात लावावा.

यानंतर विचारावयाचा प्रश्न म्हणजे 'कोठें?' त्रास एकाच आळीला होत असेल, तर त्या आळीची तार किंवा पेटी तपासावी. साऱ्या गांवाला होत असेल, तर दोष सर्व्हरमध्यें किंवा त्याच्याहि पलीकडे आहे. हें ठरविण्यास 'पिंग' नांवाचा लहानसा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. अमेरिकेंतील माइक मूस यांनीं तो १९८३ च्या डिसेंबरांत लिहिला. तो दूरच्या यंत्राला हांक मारतो, ओ येण्यास किती वेळ लागला तें मोजतो, आणि किती हांका वायां गेल्या तेंहि सांगतो. सर्व्हरवरून प्रथम गांवांतल्या पेटीला, मग वरच्या पुरवठादाराच्या पहिल्या यंत्राला, मग त्याच्या पुढच्या यंत्राला अशा हांका माराव्या. जेथून पुढें हांका हरवूं लागतात, त्याच्या आसपास दोष शोधावा. मात्र कांहीं यंत्रें हांकेला ओ न देण्याचेंच व्रत घेतात. तेव्हां एका यंत्राच्या मौनावरून निकाल देऊं नये.

आतां 'केव्हां?' हा प्रश्न. त्रास रात्रींच होतो, याचा अर्थ वर्दळ वाढतांच कांहींतरी अपुरें पडतें. त्यासाठीं तार तुटलीच पाहिजे असें नाहीं. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले येथील विद्यापीठ यांमधील अवघ्या ४०० यार्डांच्या वाटेवर सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग एकाएकीं ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन व माइक कॅरल्स यांनीं शोध केला, तेव्हां दिसलें कीं, वाट तुंबली असतां यंत्रें घाईघाईनें तेच निरोप पुन्हां पुन्हां पाठवीत होतीं, आणि त्यामुळें वाट अधिकच तुंबत होती. निरोप बेतानें सोडण्याची शिस्त यंत्रांना लावल्यावर वाट मोकळी झाली.

तारेच्या दोन टोकांचा सूर न जुळणें हेंहि एक कारण असतें. एका टोकाचें यंत्र बोलणें व ऐकणें एकदमच करतें, आणि दुसरें पाळीपाळीनें करतें. वर्दळ थोडी असतां हें खपून जातें. वाढली कीं निरोप आदळून फुकट जातात, आणि त्या तोंडावरील चुकांचा आंकडा चढूं लागतो.

आमच्या उदाहरणांतील गांवीं मात्र याहून वेगळें लक्षण दिसतें. चालू असलेला चित्रपट चालूच राहतो, पण नवें पान उघडत नाहीं! याचें मर्म पत्त्यांत आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ आहेत, म्हणजे जगांतील माणसांहूनहि कमी. म्हणून लहान पुरवठादार अनेक घरें एका पत्त्यामागें ठेवतो, आणि कोणतें उत्तर कोणत्या घरीं धाडावयाचें हें सर्व्हर एका नोंदवहींत लिहितो. या वहीचीं पानें मोजकीं असतात. तीं भरलीं कीं जुनीं संभाषणें चालतात, नव्यांना जागा मिळत नाहीं. लिनक्स प्रणालीच्या मूळ ठेवणीप्रमाणें टीसीपी पद्धतीनें जुळलेल्या संभाषणाची नोंद, दोन्ही पक्ष गप्प झाले तरी, ४,३२,००० सेकंद, म्हणजे पांच दिवस राहते. मध्येंच वीज गेली आणि संभाषण रीतसर संपलें नाहीं, तर ती नोंद तशीच जागा अडवून बसते. सर्व्हर पुन्हां सुरू केला कीं वही कोरी होते. म्हणूनच तो उपाय रात्रीपुरता गुण देतो.

निदान झालें कीं उपाय अवघड नाहीं. सात, साडेसात व आठ वाजतां भरलेल्या नोंदींची संख्या मोजावी. ती मर्यादेला भिडत असेल, तर सर्व्हरची स्मृति पुरेल तितकी वही मोठी करावी किंवा गप्प संभाषणांची मुदत कमी करावी. एकाच घरांतून हजारों नोंदी येत असतील, तर तेथील एखादें उपकरण बिघडलेलें नाहीं ना, तें पाहावें. मात्र एका रात्रीं एकच बदल करावा. नाहींतर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, या कामीं तुमचीहि मदत होऊं शकते. "इंटरनेट गेलें" एवढ्या तक्रारीवरून पुरवठादाराला फारसें कांहीं कळत नाहीं. किती वाजतां गेलें, चालू असलेलें चालू राहिलें काय, शेजाऱ्यांकडेहि गेलें होतें काय, या तीन गोष्टी कागदावर लिहून त्याच्या हातीं द्या. पालकांनींहि रागावण्यापूर्वीं हा कागद पाहावा. अर्जाची मुदत चुकूं नये यासाठीं तो रागापेक्षां अधिक कामाला येतो.