विश्लेषण : पुढच्या ब्रेक डिस्क घरच्या घरी बदलता येतात का?

मुंबईत नोकरी-धंद्यानिमित्त राहणारी पारनेर तालुक्यातील अनेक कुटुंबे सुगीला, यात्रेला गावी येतात. पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाचे दर्शन झाले की परतीची तयारी सुरू होते. गाडीत पाच माणसे, डिकीत बाजरी-ज्वारीची पोती आणि टाकळी ढोकेश्वर सोडल्यावर पुढे दोन उतार : आधी आणे घाट, मग माळशेज. या उतारांवर गाडीची भिस्त मुख्यतः पुढच्या चाकांमधील दोन बिडाच्या तबकड्यांवर, म्हणजे ब्रेक डिस्कवर असते. ‘पॅड नवे टाकलेत, ब्रेक झाले’ असे म्हणून अनेक जण निश्चिंत होतात. डिस्कची जाडी मात्र कोणी मोजत नाही.

डिस्क का झिजते?

ब्रेक दाबला की कॅलिपरमधील पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर होते. माणसे आणि सामानासह १,४०० किलो वजनाची गाडी उभ्या अंतरात १०० मीटर खाली उतरली तर सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत चार लिटर पाणी उकळेल. यातील काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध घेतात, उरलेला ब्रेकवर येतो. ब्रेक दाबताना गाडीचे वजन पुढे झुकत असल्याने मोठा वाटा पुढच्या चाकांचा असतो. जाड डिस्क ही उष्णता सामावून घेते. पातळ डिस्क लवकर तापते, तडकू शकते आणि ब्रेकची पकड कमी होते.

बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे?

ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरणे, खरखर आवाज येणे, डिस्कवर नखाला लागतील अशा खोल रेघा, निळसर डाग किंवा बारीक तडे दिसणे ही लक्षणे आहेत. पण निकाल जाडीवरच लागतो. बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. नवी डिस्क २२ मिलिमीटरची असेल तर ही मर्यादा साधारण २० च्या आसपास असते. म्हणजे झिजायला जेमतेम दोन मिलिमीटर!

मोजताना एक चूक हमखास होते. पॅड न पोहोचणारी बाहेरची कड झिजत नाही, तिचा ओठ तयार होतो. व्हर्नियर त्या ओठावर टेकला तर जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. चार-पाच ठिकाणी मोजून सर्वांत कमी आकडा खरा मानावा. मर्यादेजवळ आलेली डिस्क लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, कारण त्याने ती आणखी पातळ होते.

घरी बदलायची तर काय लागते?

चाकाचा पाना, सॉकेट सेट, जॅक, दोन भक्कम स्टँड, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचे खास ग्रीस आणि टॉर्क रेंच. डिस्क नेहमी जोडीने बदलावी, सोबत पॅडही नवे घ्यावेत. सुटे भाग चॅसी क्रमांक सांगूनच घ्यावेत, कारण एकाच मॉडेलमध्येही डिस्कचे माप वेगळे असू शकते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्यावी. शेणाने सारवलेले किंवा भुसभुशीत अंगण चालणार नाही. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. नट गाडी खाली असतानाच सैल करावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये, स्टँड लावल्याशिवाय चाक काढू नये.

कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने स्प्रिंगला टांगावा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडल्यास नळी आतून फाटू शकते. नंतर ब्रॅकेट आणि डिस्क धरणारे स्क्रू काढावेत. गंजून बसलेली डिस्क हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सुटते. काही डिस्कना आटे असलेली दोन छिद्रे असतात, त्यांत बोल्ट सारखे पिळत गेले की डिस्क आपोआप बाहेर येते.

सर्वांत दुर्लक्षित काम यापुढचे. डिस्क बसते त्या हबवरील गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्क किंचित वाकडी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते. नव्या डिस्कवरील तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसावा. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. ब्रेकची धूळ फुंकू नये. मास्क लावून ओल्या फडक्याने टिपावी.

पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची टाकी वर भरून येते, तिकडे लक्ष असू द्यावे. सांडलेले ऑइल रंग खाते. सरकणाऱ्या पिनांना ग्रीस लावावे, पण ते पॅड-डिस्कला लागू देऊ नये. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधील टॉर्कनुसार आवळावेत, चाकाचे नट समोरासमोरचे घेत.

गाडी लगेच बाहेर काढावी का?

नाही. पिस्टन मागे गेलेला असल्याने ब्रेकचे पहिले दाब थेट तळाला जातात. गाडी जागेवर असतानाच पेडल कडक होईपर्यंत दाबावे आणि ऑइलची पातळी पाहावी. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटरवरून १०-१५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करावा. मध्ये डिस्क गार होऊ द्यावी. त्यानंतर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळावा. डिस्क आज बदलून उद्या भरल्या गाडीने माळशेज उतरणे शहाणपणाचे नाही.

गॅरेज कधी गाठावे?

पेडल स्पंजसारखे लागत असेल, ऑइल गळत असेल, एबीएसचा दिवा लागला असेल, पिस्टन मागे जात नसेल किंवा बोल्टची डोकी गोल झाली असतील, तर हात थांबवावा. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते आणि घाटात तापल्यावर उकळून पेडल सैल पडू शकते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

आणि डिस्क कितीही नवी असो, घाटाचा जुना नियम कायम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा.